मधला तांबडा चौकोन

लातूर
११ जानेवारी १९८३

उद्धवमामा,

सुरुवातीला काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. साष्टांग नमस्कार लिहिलं तर तुम्हाला वाटणार, ही कुठून आली आगाऊ. जय भीम लिहिलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. म्हणून नुसतं तुमचं नाव लिहिलंय. मी पंचशीला. तुमच्या सख्ख्या बहिणीची, इंदूची, एकुलती एक मुलगी. वय पंचवीस. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही.

आई दर दिवाळीला तुम्हाला कार्ड टाकायची आणि उत्तर यायचं नाही, हे मी लहानपणापासून बघत आले. ती ऐंशीच्या दिवाळीत गेली. बाबांनी तार केली होती. ती पोचली नसेल असं आम्ही धरून चाललोय, म्हणजे भांडण राहत नाही.

मी नांदेडला मुलींच्या शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवत होते. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि माझे मिस्टर निवृत्ती यांची इथल्या नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. जिल्हा नवा, कचेरीत खुर्च्या सगळ्यांना पुरत नाहीत, आणि पहिल्याच वर्षी दुष्काळ. हे सकाळी जातात ते दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या हजेऱ्या तपासत गावोगाव फिरतात. आई पाकिटावर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहायची. मी 'जिल्हा लातूर' लिहून राहिले. तुमचा-माझा जिल्हा आता एकच आहे, सरकारनं केलाय.

आता काम सांगते. एका बाळासाठी वाकळ शिवायला घेतलीय. नायगावची माझी आजी, बाबांची आई नागुबाई, त्यासाठी इथं येऊन राहिली आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण हाताला दिसतं. तिची पद्धत अशी की लेकराच्या वाकळीत आईकडच्या आणि बापाकडच्या, दोन्ही घरांतल्या बायकांची जुनी लुगडी पाहिजेत. नवं कापड लेकराला टोचतं म्हणते. तिचं स्वतःचं लुगडं आहे, माझ्या सासूचं आहे, आईची पातळं आहेत. पण आजी म्हणाली, "इंदूची पातळं तर आपल्याच घरातली की. तिच्या मायेरचं काय हाय?"

आईच्या माहेरचं आमच्याकडं एकच होतं. तिच्या ट्रंकेत एक तांबडं जाड कापड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यात ती सर्टिफिकिटं बांधून ठेवायची. लहानपणी मी विचारलं तर म्हणायची, "माझं गाठोडं आहे ते." अहमदपूरचा विषय निघाला की ती हातातलं काम जोरात करायला लागायची. त्यामुळं मी पुढं विचारलं नाही. रंग इतका सुरेख की मी त्यातला वीतभर चौकोन कापून वाकळीच्या बरोबर मध्ये लावला. भोवती आईनं शिकवलेल्या साखळी टाक्यात ठिपक्यांची रांगोळी काढली. आई ती अंगणात काढायची, मी दोऱ्यात काढली.

परवा वाकळ उन्हात टाकली होती. घरमालकीण गुरम्मा पाणी भरून येत होत्या. त्यांनी घागर तिथंच ठेवली. "अगं बाई गं, काय केलीस हे! बामणाच्या सोवळ्या बाईचं आलवण हाय की ते! लेकराच्या अंगावर घालतात व्हय?"

मामा, मला खरंच माहीत नव्हतं. आलवण हा शब्द मी ऐकलेला, पण पाहिलेलं कुठं? केस काढलेल्या विधवा बाईचं ते लुगडं असतं, एवढं आता कळलं. आजीला रंग दिसत नाही, तिनं नुसतं हातानं चाचपून "ब्येस हाय कापड" म्हटलं होतं.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. हे कुणाचं?

पंचशीला

•

लातूर
३ फेब्रुवारी १९८३

उद्धवमामा,

तुमचं कार्ड मिळालं. 'ते आमच्या सौदामिनीआत्याचे आलवण आहे. लहान मुलाच्या अंगावर घालू नये. तात्काळ काढून टाकावे. यापुढे घरी पत्र न पाठवता माझ्या शाळेच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवावे. कळावे.'

कळलं. सत्तावीस वर्षांनी पाच ओळी, आणि त्यातल्या तीन हुकमाच्या. क्लार्क माणूस शोभता खरे.

बाळ कुणाचं हे तुम्ही विचारलं नाही. मीच सांगते. माझं आहे. सातवा महिना चालू आहे. पहिल्या पत्रात 'एका बाळासाठी' असं मुद्दाम लिहिलं होतं, कारण तुम्ही लगेच 'हिला काहीतरी पाहिजे' असं धरलं असतं. मला काहीही नकोय. दुसरंही एक लपवलं होतं, तेही सांगून टाकते. हे माझं दुसरं. पहिला मुलगा एक्क्याऐंशीच्या जुलैत झाला. सहा दिवस होता. आई नुकतीच गेलेली, माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, त्याच्यासाठी मी काहीच शिवलं नव्हतं. त्याला दुकानातल्या टॉवेलात गुंडाळला आणि त्याच टॉवेलात नेला. म्हणून या वेळी मी दुसऱ्या महिन्यापासूनच सुई हातात घेतली.

आता तुम्ही म्हणता काढून टाका. गुरम्मा रोज जाता-येता म्हणतात काढ. निवृत्ती तर अजब माणूस. संध्याकाळी चहा घेता घेता मला अर्धा तास अंधश्रद्धेवर भाषण दिलं, आपण कोण, बाबासाहेबांनी आपल्याला काय शिकवलं, कापडानं कुणाचं काय होतं, सगळं. आणि कप ठेवून म्हणतात, "तरी पण काढून टाक ना, उगीच कशाला." मी हसले आणि मग मला रडू आलं. कारण माझ्याही मनात तेच होतं. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरात वाढले मी, मामा. बारावीत असताना अमावस्येला मुद्दाम केस धुवायची. आणि आता वीतभर कापडाला भिते.

आजीला सांगितलं. मला वाटलं, ती तरी ओरडेल. तिनं वाकळ मांडीवर ओढली, मधला चौकोन शोधला आणि बोटं फिरवत बसली. म्हणाली, "आलवन हाय व्हय. मग मऊ असनारच. किती येळा धुतलं असंल त्या बाईनं." मग म्हणाली, "हाय का ती अजून?"

हे मला सुचलंच नव्हतं. तुम्ही कार्डावर 'आत्याचे आहे' लिहिलंय. आहेत का त्या?

पंचशीला

•

लातूर
२७ फेब्रुवारी १९८३

उद्धवमामा,

या वेळी अंतर्देशीय आलं आणि दोन्ही बाजूंनी भरलेलं. शाळेच्या कचेरीत बसून लिहिलं म्हणता, म्हणजे हेडमास्तर रजेवर असणार.

मी ते तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय ते मला नीट कळलं का ते बघते, कारण चुकलं असेल तर सांगा.

सौदामिनीआत्या म्हणजे तुमच्या वडिलांची बहीण. शहात्तर वर्षांच्या आहेत, तुमच्याच घरी असतात, स्वतःचं स्वतः रांधतात. नवव्या वर्षी विधवा झाल्या. छप्पन साली बाबांशी लग्न करायला आई घरातून गेली ती भर दुपारी गेली. तुमचे वडील कोर्टात होते, तुमची आई देवळात. आत्यांनी तिची दोन पातळं, पुस्तकं आणि चार दशम्या स्वतःच्या आलवणात बांधून दिल्या. तेवढंच फडकं त्यांच्या हक्काचं होतं. तुम्ही मॅट्रिकला होता, ओसरीवर पाठांतर करत होता. तुम्ही पाहिलं आणि बोलला नाही.

त्यांच्याकडं आलवणं दोनच होती. एक अंगावर, एक वाळत. एक गेलं. तुमच्या वडिलांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, गाईनं खाल्लं. वडिलांनी ओळखलं. ते म्हणाले, मग गाय देईल दुसरं. आणि दिवाळीपर्यंत दुसरं आणू दिलं नाही. पाच महिने आत्या पहाटे अंघोळ करून तेच आलवण पिळायच्या, तेच ओलं नेसायच्या आणि चुलीपुढं बसून अंगावर वाळवायच्या. पावसाळा सगळा असा काढला. तुम्ही लिहिलंय, 'मी बाबांना एक शब्द म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. आजही आत्याला खोकला झाला की मी खोलीतून उठून जातो.'

मामा, हे लिहिलंत हे बरं केलंत. मी तुम्हाला चांगलं म्हणणार नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत.

आईला हे ठाऊक नव्हतं. आई आम्हाला सांगायची की तिच्या माहेरी तिच्या बाजूचं कुणी नव्हतं. तिला वाटायचं, आत्यांनी नुसतं घाईघाईत गाठोडं बांधून दिलं. आतलं ऐकलं असतं तर ती अहमदपूरला उठून आली असती. तुम्ही सगळ्यांनी दार लावून घेतलं असतं तरी ती पायरीवर बसली असती. अशी होती ती.

आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "पाच म्हैने वल्ल्यानं?" आणि वाकळ घेऊन उन्हात जाऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "शीला, त्यो चौकोन काढायचा न्हाई."

मीही तेच ठरवलंय. ज्या बाईनं आईसाठी एवढं सोसलं तिचं कापड माझ्या लेकराच्या अंगावर नको, तर कुणाचं पाहिजे? मी कला शिकवते. मुलींना सांगते की वाकळ म्हणजे घराण्याचा कागद असतो, वाचता आला पाहिजे. माझ्या वाकळीत आजीचा धावदोरा आहे आणि आईच्या अंगणातली रांगोळी आहे. आजी आईच्या टाक्याला मुंगीचे पाय म्हणायची, आई आजीच्या टाक्याला बैलगाडीची चाकं. दोघी एकमेकींची थट्टा करत वीस वर्षं एका चुलीवर नांदल्या. या दोघींच्या मधोमध आत्यांचं तांबडं. मला ते योग्य वाटतं.

एवढं सगळं मी दिवसा म्हणते. दिवसा मी फार शूर असते.

तुम्ही आत्यांना विचारा. त्यांना माझं नाव सांगा, आठवा महिना लागलाय हेही सांगा. त्यांनी हो म्हटलं की माझ्या मनातलं जाईल. मला त्यांचं 'हो' पाहिजे, मामा. दुसऱ्या कुणाचं नको.

पंचशीला

•

नांदेड
८ एप्रिल १९८३

उद्धवमामा,

बाळंतपणासाठी बाबांकडं आलेय. आजीही आली. येताना एसटीत तिनं वाकळ मांडीवर धरली होती. बाजूची बाई म्हणाली, केवढ्याला देता? आजी म्हणाली, "ही इकायची न्हाई. हिचं भांडण चालू हाय."

इथं तरी पाणी आहे असं म्हणायचं. गोदावरी घाटाच्या पायऱ्या सोडून पार आत गेलीय, माणसं वाळूत झिरे करून राहिलीत. लातुरात आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येत होता. नवी वाकळ बाळाच्या अंगावर घालण्याआधी तीनदा धुवावी लागते, तिथं ते जमलंच नसतं.

तुमचं पत्र परवा पोचलं. आत्या म्हणाल्या, "काढा ते." नुसतं एवढंच. तुम्ही पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना."

मला फार राग आला. तुमचा नाही, त्यांचा. मी इतकी त्यांच्या बाजूनं उभी आणि त्या गुरम्मासारखंच बोलल्या. बाबा म्हणाले, त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शुभाशुभाला जागा करून दिली, आता त्यांना वेगळं बोलता कसं येईल? बाबा मास्तर आहेत, ते कुणालाच नापास करत नाहीत.

आता खरं सांगते. काल दुपारी आजी झोपली होती. मी ब्लेड घेतलं. आजीची वाकळ कडेपासून सुरू होते आणि फेरे घालत घालत आत येते, मधला चौकोन सगळ्यांत शेवटी शिवला जातो. म्हणून तो काढणं अगदी सोपं. चार फेरे उसवले की निघाला, बाकी वाकळीला धक्का नाही. मी एक फेरा उसवला. मग मला चुलीपुढं बसलेल्या आत्या दिसायला लागल्या. मी तो फेरा परत घातला. मग पोटात बाळ फिरलं आणि मला तो टॉवेल आठवला. परत उसवला. आजी जागी होती. म्हणाली, "दोऱ्याला तरी दया कर."

मामा, डॉक्टरीण म्हणते सगळं ठीक आहे. पहिल्या वेळीही तसंच म्हणाली होती. माझ्यात आता हे ठरवायचं बळ नाही. काढलं तर आत्यांना मी पुन्हा त्या चुलीपुढं ढकलते. ठेवलं आणि काही झालं, तर मी जन्मभर त्या चौकोनाला शिव्या देईन, म्हणजे आत्यांनाच. दोन्ही मला नको.

त्यांना इथं घेऊन या. त्यांनी समोर बसून मला का ते सांगावं. कार्डावर नको, तुमच्या तोंडून नको. घर वजिराबादच्या मागं, नरसिंग मास्तरांचं कुणीही दाखवेल. पाण्याचा आणि सोवळ्याचा काय तो बंदोबस्त आम्ही करू, म्हणजे त्या सांगतील तसा करू.

शेवटच्या आठवड्याची तारीख दिलीय.

पंचशीला

•

नांदेड
४ मे १९८३

उद्धवमामा,

मुलगी झाली. गुरुवारी सकाळी सव्वानऊला. सहा पौंड. सहावा दिवस काल होता. मी दिवसभर नुसती तिच्या छातीकडं बघत बसले. आज सातवा आहे आणि ती ओरडून राहिलीय. माझी तब्येत बरी आहे.

हे बाबांनी तुम्हाला कार्डानं कळवलंच असेल. हे पत्र त्यासाठी नाही. चोवीस तारखेला तुम्ही आत्यांना घेऊन आलात, त्यांना दारात सोडलं आणि स्वतः उन्हात रिक्षात बसून राहिलात. दीड तास. आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आत्या सांगणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून मी लिहिते.

त्या दारात उभ्या राहिल्या. एवढीशी बाई असेल असं मला वाटलं नव्हतं. बाबा पुढं झाले, पण हात जोडावे की काय करावं त्यांना कळेना. आत्या म्हणाल्या, "मास्तर, इंदूला नीट ठेवलंत का?" बाबा म्हणाले, "तिनंच मला ठेवलं." त्यावर त्यांनी मान हलवली आणि आत आल्या. बाबा बाहेर निघून गेले ते तुमच्याशेजारी रिक्षात येऊन बसले. तिथं तुम्ही दोघं काय बोललात ते बाबा सांगत नाहीत.

मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पोट सांभाळ, ते राहू दे. कुठंय ती?"

मी वाकळ पुढं टाकली. त्यांनी आधी रांगोळी बघितली. बोटानं एक एक ठिपका मोजल्यासारखं केलं. "पंधरा ते आठ. ही मीच शिकवली होती इंदूला." मग आजीच्या टाक्यावर हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणाचे हात?" आजी कोपऱ्यातून म्हणाली, "माजे, बाई." आत्या म्हणाल्या, "सरळ चालता हो तुम्ही." आजी कोपऱ्यातून थोडी पुढं सरकली.

मग त्या म्हणाल्या, "ब्लेड आण."

मी नाही म्हटलं. अगदी तोंडावर. म्हटलं, तुम्ही पाच महिने ओल्यानं काढले या कापडासाठी, आणि मी ते अपशकुनी म्हणून फेकू? माझा आवाज चढला होता. तुम्हाला रिक्षात ऐकू आला असेल तर तो हाच.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ओल्यानं बसले ते इंदू जावी म्हणून. फडक्यासाठी कोण बसतं?" आणि स्वतःच उठून शिवणाच्या डब्यातलं ब्लेड शोधून काढलं. चारही फेरे उसवले. आजी दोरा तुटलेला ऐकत होती, मी भिंतीकडं तोंड करून रडत होते.

चौकोन निघाल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्या जे बोलल्या ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं, कारण एखादा शब्द इकडचा तिकडं व्हायला नको. म्हणाल्या, "तुला वाटलं हे माझं आहे. हे माझं नाही गं पोरी. हे माझ्यावर घातलं. तेरा वर्षांची होते, दाराच्या कडीला धरून बसले होते. दोघांनी हात सोडवले. न्हाव्याचं झाल्यावर हे नेसवलं. तेव्हापासून सगळे याच्याकडंच बघून ओळखतात मला. तूही त्यातलीच. न बघता मला यात गुंडाळून मोकळी झालीस. शुभ-अशुभाचं मला काही सांगू नकोस, मी सगळ्या घराचं अशुभ एकटीनं वापरलंय, ते संपलंसुद्धा असेल. पण तुझ्या लेकराला माझं काही द्यायचंच असेल, तर माझं दे."

मामा, मला जमीन फाटावी असं झालं. मी आत्यांचा केवढा मान ठेवते असं समजून बसले होते.

त्यांनी पिशवीतून एक घडी काढली. खणाचा परकर होता. मोरपंखी रंग, काठाला बारीक रुईफुलं. घडीच्या रेघेवर जरा विरलेला, बाकी अगदी नवा. त्यांच्या आईनं शिवलेला. नवऱ्याची बातमी आली तेव्हा त्या हाच नेसून अंगणात सागरगोटे खेळत होत्या. नंतर रंगीत कपडे वाटून टाकले, हा त्यांनी लपवला. मी तो खाटेवर पसरला. कमर दीड वीत भरली. मी शिवण शिकवते, मापं माझ्या हातात बसलेली आहेत. तिसरी-चौथीतल्या मुलीचं माप आहे हे.

माझा हात कापायला धजेना. आत्यांनीच कात्री चालवली. "उरलेल्याची अंगडी कर," म्हणाल्या, "परत नेऊन काय करू." मग आजीला सुईत दोरा दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोरा ओवला आणि सुई द्यायला हात पुढं केला. आजीनं सवयीनं हात मागं घेतला. आत्यांनी तो धरला, आजीची बोटं उघडली आणि सुई त्यात ठेवली. मग दोघी शेजारी बसल्या. आत्या दोरा ओवून द्यायच्या, आजी टाका घालायची. मधेच आजी म्हणाली, "बाई, ह्ये कापड गुळगुळीत हाय, सुई पळती." आत्या म्हणाल्या, "पळू द्या. फार दिवस बसून होतं." दोघी हसल्या. मला त्या हसण्यात घेतलं नाही.

तांबडा चौकोन आणि राहिलेलं आलवण मी विचारलं, याचं काय करू? म्हणाल्या, "फरशी पूस." मी अजून पुसलेली नाही. पण ट्रंकेतही ठेवलेलं नाही. पुसेन.

मुलगी झाल्यापासून त्याच वाकळीत आहे. तीनदा धुतली, खणाचा रंग उतरला नाही. तिच्या बारशाला आत्यांनी यावं, पाळण्यात तिला त्यांनीच घालावं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. रविवारी आठ तारखेला. या वेळी रिक्षात बसून राहिलात तर बाबा तुम्हाला ओढून आत आणतील, ते तसं म्हणालेत.

एक विचारायचं राहिलं होतं, ते मी त्या निघताना विचारलं. तुम्ही रिक्षाचा दांडा धरून उभे होता तेव्हा. इतकी वर्षं, इतक्या माणसांच्या घरात, हा परकर ठेवला कुठं होता? त्या म्हणाल्या, "उशीत. कापसात."

त्यांनी त्या सकाळी उशी उसवली, परकर काढला आणि घाईत तशीच टाचली, असं म्हणाल्या. मामा, सदुसष्ट वर्षं ती उशी त्यांच्या डोक्याखाली होती, आणि आता ती अर्धी राहिली असेल. त्यांना खोकला झाला की तुम्ही उठून जाता म्हणता. आज त्यांच्या खोलीत जा. चांगला पिंजलेला कापूस आणा, आणि तुमच्या हातानं त्यांची उशी भरून द्या.

पंचशीला